रोज सायकल चालवणाऱ्यांचे (आणि चालवू का नको अशा विचारात असणाऱ्यांचे) नेहमीचे प्रश्न

आधीच सांगते, हे पान शंभर किलोमीटर राइड मारून घड्याळाचे फोटो टाकणाऱ्यांसाठी नाहीये. त्यांचं चालू दे, छान आहे. हे ऑफिस, भाजी, क्लास, बँक असल्या कामांना सायकल काढणाऱ्यांसाठी आहे. मी कोथरूड ते शिवाजीनगर रोज जाऊन-येऊन करते, त्यामुळे उदाहरणं पुण्याची जास्त येतील, सांभाळून घ्या.

कोणती सायकल घेऊ?

हा प्रश्न आठवड्यातून दोनदा येतो आणि विचारणाऱ्याने बहुतेक वेळा जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली, मडगार्ड नसलेली एक सायकल मनात आधीच पक्की केलेली असते. ती घेऊ नका असं नाही, पण विचार करा, स्वस्तातला शॉकअप म्हणजे दोन-अडीच किलोचं ओझं, वर्षभरात गंजतो आणि मग हलतही नाही. रोजच्या वापराला पाच गोष्टी बघा: मडगार्ड, चेनकव्हर, कॅरियर, स्टँड, आणि नीट बसणारे ब्रेक. गंमत म्हणजे ह्यातल्या पहिल्या चार गोष्टी दूधवाल्याच्या काळ्या सायकलवर पहिल्यापासून असतात आणि शोरूममधल्या महागड्या सायकलवर वेगळे पैसे देऊन बसवून घ्याव्या लागतात.

काळी सायकल जड असते, वीस किलोच्या आसपास. पण तिची बैठक ताठ, चाकं मोठी, दोन चाकांमधलं अंतर लांब, त्यामुळे खड्ड्यातून जाताना कंबर वाचते. मला स्वतःला मधला मार्ग आवडतो: ताठ बसायची, हलकी, ॲल्युमिनियम रिमची सायकल घ्यायची आणि तिला सगळा संसार जोडायचा. साडी, ड्रेस घालून चालवणार असाल तर बिनदांड्याची फ्रेम, पूर्ण चेनकव्हर, आणि मागच्या चाकाला जाळी. जाळी नसेल तर ओढणी गेलीच समजा, माझ्या दोन गेल्यात.

गियर लागतातच का? आमच्याकडे चढ आहे.

एकवीस गियर नक्कीच लागत नाहीत. मागे सात असले तरी शहरात पुरून उरतात. आणि बिनगियरची सायकल असेल तर एक अगदी स्वस्तातला उपाय आहे जो कोणी सांगत नाही. काळ्या सायकलला सहसा पुढे 44 दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला (मागच्या चाकावरची दातेरी चकती) 18 दाते असतात, म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीला मस्त, चांदणी चौकाच्या चढाला जीव जातो. मागचं फ्रीव्हील बदलून 20 दात्यांचं टाकलं की तेच अंतर पाच मीटरच्या जरा आत येतं, 22 चं टाकलं तर साडेचार. वेग थोडा कमी होतो पण चढाला उतरावं लागत नाही. चेन एखादी कडी वाढवून घ्यावी लागेल. कोपऱ्यावरचा मेकॅनिक अर्ध्या तासात करून देतो.

कात्रज घाट रोज चढायचा असेल तर मात्र गियरच घ्या.

घामाचं काय?

हळू चालवा. खरंच, एवढंच. आणि सॅक पाठीवरून काढून कॅरियरला लावा, अर्धा घाम तिथेच वाचतो. एक शर्ट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये.

पावसाळ्यात चालवता?

चालवते. भिजायचं कमी आणि चिखल उडायचा जास्त त्रास असतो, आणि तो अंगावर येतो चाकावरून. म्हणून मडगार्ड, आणि पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला एक लोंबती पट्टी, जी जवळपास जमिनीपर्यंत यायला हवी. ती विकत मिळते पण तेलाच्या पाच लिटरच्या प्लॅस्टिक कॅनमधून कात्रीने कापून दोन नट-बोल्टनी लावली तर तीन पावसाळे टिकते, माझी चौथ्यात आहे. बूट कोरडे राहतात, चेन कोरडी राहते.

ब्रेकचं मात्र लक्षात ठेवा. चकचकीत लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक दाबून काही होत नाही, सायकल आरामात पुढे चालत राहते. ॲल्युमिनियमची रिम बरी. काहीही असलं तरी थांबायच्या बरंच आधी ब्रेक हलकेच धरायचे, रिमवरचं पाणी पुसलं गेलं की मग पकड येते. रेनकोटपेक्षा मला पोंचो बरा वाटतो कारण खालून वारा खेळतो, पण जोराच्या वाऱ्यात त्याचं शीड होतं, तेव्हा कडा हँडलला अडकवायला दोन कपड्यांचे चिमटे ठेवा.

चेनला खोबरेल तेल घालू नका. शिलाई मशीनचं तेल चालेल, पावसाळ्यात दर आठवड्याला, आणि घातल्यावर फडक्याने वरवरचं पुसून टाका, नाहीतर रस्त्यावरची सगळी रेती चेन जमा करते.

सामान कसं न्यायचं? ते परदेशी पॅनियर (कॅरियरच्या बाजूंना लटकवायच्या पिशव्या) फार महाग आहेत.

माझा सगळ्यात आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी रस्त्यावर बघा. दूधवाल्याच्या कॅन कुठे असतात? कॅरियरवर उंच रचलेल्या नसतात, दोन्ही बाजूंना लोखंडी चौकटीत खाली लटकवलेल्या असतात. वजन जितकं खाली तितकी सायकल कमी डोलते, हे त्याला कोणी शिकवायला आलं नव्हतं. गॅस सिलेंडरवाला नुसत्या एका आकड्यावर भरलेला सिलेंडर बाजूला लटकवून नेतो. गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलच्या मागे हीऽऽ मोठी वेताची टोपली बांधून, वरून कापड घालून पाव गरम ठेवतो आणि रबरी भोंगा वाजवत येतो, त्या भोंग्याचा आवाज घरातल्या घरात ऐकू येतो, बॅटरी लागत नाही. आणि धारवाला! सायकल स्टँडवर लावली, सीटवर बसला, पायडल मारलं की पट्ट्यावरून सहाणेचा दगड फिरतो. वाहन तेच, कारखाना तोच. ह्या सगळ्यांनी पेटंट घेतली असती तर आज सायकल कंपन्या त्यांना रॉयल्टी देत असत्या.

आता आपल्यासाठी. जुनी ट्यूब फेकू नका, लांब उभी पट्टी कापा, ती कॅरियरवर सामान बांधायला कुठल्याही इलास्टिकच्या दोरीपेक्षा भारी, पकडही देते आणि तुटून डोळ्यात जात नाही. पॅनियरसाठी पंधरा लिटर तेलाचे दोन चौकोनी प्लॅस्टिकचे डबे, वरचा भाग कापून, मागे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे दोन-दोन हुक वायसर घालून बोल्टने, आणि खाली एक ट्यूबची पट्टी डबा चाकाकडे झुलू नये म्हणून. कडा नीट घासा, हात कापतो. डबा थोडा मागे सरकवून लावा नाहीतर प्रत्येक पायडलला टाच आपटते (मी पहिल्यांदा लावला तेव्हा हेच झालं, दोन दिवस लंगडत होते). दोन कलिंगडं आणि आठवड्याची भाजी आरामात येते.

पुण्या-मुंबईकडच्या लोकांना माहीत नसलेली एक गोष्ट: फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे नारीत, अनिल राजवंशी यांच्या टीमने सायकल रिक्षावर वर्षानुवर्षं काम केलंय. सुधारित पायडल रिक्षा, मोटरची मदत असलेली रिक्षा, पूर्ण इलेक्ट्रिक रिक्षा. ओढणाऱ्या माणसाचे कष्ट कमी व्हावेत म्हणून गियर घालायचे, चांगले ब्रेक घालायचे, एवढी साधी गोष्ट. आणि पुण्यातच हवाई दलातून निवृत्त झालेले शशिशेखर पाठक बांबूच्या फ्रेमच्या सायकली हाताने बनवतात, 'बांबूची' ह्या नावाने. बांबू धक्के पितो. मी एकदा दोन मिनिटं चालवली आहे आणि तेवढ्यात मोह झाला.

लाइट कुठला?

मागे लाल, पुढे पांढरा, आणि पुढचा खाली रस्त्याकडे वाकवलेला. समोरच्याच्या डोळ्यात मारू नका, तो चिडून आणखी जवळून जातो. रिफ्लेक्टर पायडलवर असतील तर उत्तम, कारण ते वरखाली हलतात आणि हलणारी गोष्ट मागच्या ड्रायव्हरला लांबून कळते. जुना बाटलीसारखा डायनॅमो मिळाला तर ठेवा, 6 व्होल्ट 3 वॉटचा असतो, टायरला घासतो, कुरकुरतो, पाय जड करतो, पण चार्ज करायला विसरायचा प्रश्नच नाही.

आपल्याकडे एकेकाळी दिव्याशिवाय सायकल चालवली किंवा डबलसीट गेलं की पोलीस पकडायचे. वाऱ्याने कंदील विझला तरी सुटका नाही. आईकडून त्या गोष्टी इतक्या वेळा ऐकल्यात की मीच पकडले गेले होते असं वाटतं.

हेल्मेटची सक्ती आहे का? लायसन्स?

नाही आणि नाही. सायकल हे मोटार वाहन नाही. हेल्मेट मी घालते, तुमचं तुम्ही ठरवा. एक्स्प्रेसवेवर आणि वांद्रे-वरळी सी लिंकवर मात्र सायकलला बंदी आहे.

रस्त्यावर नक्की कुठून चालवायची? कडेने ना?

अगदी कडेने नाही! कडेला चेंबर, रेती, फुटक्या बाटल्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे उभ्या गाड्यांची दारं. उभ्या गाडीपासून एक मीटर तरी लांब राहा. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्या. जिथे रस्ता इतका अरुंद आहे की गाडी तुम्हाला सुरक्षित ओव्हरटेक करूच शकत नाही, तिथे थोडं मध्ये या म्हणजे तो प्रयत्नच करणार नाही. बसच्या डाव्या बाजूने कधीही पुढे घुसू नका, स्टॉपवर ती डावीकडेच वळणार असते. मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं असेल तर दोन टप्प्यात: सिग्नलला सरळ पलीकडे जा, थांबा, दुसरा सिग्नल सुटला की जा. वीस सेकंद जातात.

आणि तुमच्याकडे कार असेल तर एक विनंती. गाडी उभी केल्यावर आपलं दार डाव्या हाताने उघडा. डावा हात उजव्या दाराकडे नेला की अंग आपोआप वळतं, मान मागे जाते आणि मागून येणारी मी दिसते.

पंक्चर घरी काढता येतं?

येतं. पाना, चपटी पट्टी दोन, सँडपेपर, सोल्यूशन, ठिगळ, आणि घमेलंभर पाणी. लोक एकच चूक करतात, सोल्यूशन लावलं की लगेच ठिगळ चिकटवतात. थांबा, ते हाताला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्या, मग दाबा. आणि ट्यूब परत घालायच्या आधी टायरच्या आतून बोटं फिरवा, काटा तिथेच असतो, नाहीतर परत पाच मिनिटांत तेच.

टायर घेताना बाजूवरचे आकडे वाचा, इंचांवर जाऊ नका. काळ्या सायकलचा 28 इंची टायर आणि नव्या हायब्रिड सायकलचा 700 चा टायर दिसायला सारखे, पण एकाची रिम 635 मिलिमीटरची आणि दुसऱ्याची 622. तेरा मिलिमीटरचा फरक. दुकानदार म्हणेल बसतंय की. नाही बसत. मी एक अख्खा रविवार घालवलाय त्यात.

सायकल मेट्रोत नेता येते?

पुणे मेट्रोत येते, नागपूर मेट्रोतही. गर्दीच्या वेळी नेऊ नका, नियम असो नसो, बरं दिसत नाही.

इलेक्ट्रिक सायकल म्हणजे चीटिंग ना?

कोणाशी? तुमची काय परीक्षा आहे का? गुडघे दुखतात, चढ आहे, अंतर बारा किलोमीटर आहे, तर घ्या. मोटर 250 वॉटच्या आणि वेग 25 किलोमीटरच्या आत असेल तर रजिस्ट्रेशन, लायसन्स लागत नाही. बाजारात ह्याहून कितीतरी ताकदीची किट मिळतात आणि विकणारा म्हणतो काही होत नाही, पण कायद्याच्या नजरेत मग ती मोटरसायकल झाली.

पुणं खरंच सायकलींचं शहर होतं, की नुसतं म्हणायला?

खरंच होतं. कंपन्यांचे भोंगे वाजले की रस्ते सायकलींनी भरायचे, पालिका सायकलवर कर घ्यायची आणि पत्र्याचा बिल्ला द्यायची, गल्लीगल्लीत तासावर सायकल भाड्याने मिळायची. मग 1972 साली लुना आली आणि त्याच सुमारास आकुर्डीहून चेतक. म्हणजे सायकलींच्या शहराला सायकलवरून उतरवणारी दोन्ही वाहनं इथलीच, बाहेरच्या कोणाला दोष द्यायची सोय नाही. जुन्या सायकली बघायच्या असतील तर कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल म्युझियम आहे, दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटने उतरणाऱ्या सैनिकांसाठी केलेली घडीची बीएसए सायकल तिथे बघायला मिळते. मुलांना घेऊन जा.

आता सायकल चालवतंच कोण?

तुमच्या सोसायटीचा वॉचमन, सकाळी पेपर टाकणारा मुलगा, बांधकामावरचा गवंडी. 2011 च्या जनगणनेत देशातल्या जवळपास 45 टक्के घरांत सायकल होती. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात, खेड्यात सकाळी ती निळ्या-पांढऱ्या गणवेशांची रांग बघितली असेल. हे लोक कुठल्या ग्रुपवर नाहीत म्हणून ते नाहीतच असं धरून सगळं प्लॅनिंग होतं. 3 जून हा जागतिक सायकल दिन, संयुक्त राष्ट्रांनी 2018 मध्ये जाहीर केलेला, आणि 2020 साली नेमक्या त्याच दिवशी ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. त्या दिवशी सगळीकडे फोटो मात्र टी-शर्ट वाटपाचे होते.

सायकल ट्रॅक बांधलेत, मग तुम्ही ते का वापरत नाही?

हा टोमणा कारमधून येतो बहुतेक. दादा, या माझ्याबरोबर एकदा. पुण्यात 2006 च्या डिसेंबरात बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी लेन, सुरू झाली तेव्हापासून सातारा रोड, सोलापूर रोडच्या बाजूने ट्रॅक आले. ते बघा: पन्नास मीटर ट्रॅक, मग विजेचा डीपी बॉक्स, मग झाड, मग बसस्टॉप, मग उतार इतका खडा की सायकल उचलून खाली घ्यावी लागते, मग चौक, आणि चौकात ट्रॅक गायब. म्हणजे जिथे गरज नाही तिथे आहे आणि जिथे जीव मुठीत धरावा लागतो तिथे नाही. वरून पेव्हर ब्लॉक, ज्यावर दात वाजतात. एका दिशेला जायला दोन मीटर रुंदी लागते, कारण एकाला दुसऱ्याच्या पुढे जाता आलं पाहिजे.

जंगली महाराज रस्त्यावर नंतर जे काम झालं ते फुटपाथच्या दृष्टीने खूपच चांगलं आहे, तिथे चालायला मजा येते. सायकल पट्ट्यावर मात्र माणसंच चालतात आणि त्यांचं काही चुकत नाही, रंग सोडला तर फरक कळत नाही. 2017 च्या शेवटी पालिकेने शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, आराखडा वाचायला चांगला आहे, खरंच, मी वाचलाय.

त्या ॲपवाल्या भाड्याच्या सायकली कुठे गेल्या?

2017 च्या शेवटी विद्यापीठ आणि औंधला सुरुवात झाली, मग 2018 मध्ये तीन-तीन कंपन्यांच्या पिवळ्या, केशरी, हिरव्या सायकली दिसायला लागल्या, आणि दोन-तीन वर्षांत सगळं आटोपलं. लोक म्हणतात पुणेकरांनी मोडल्या. काही मोडल्याही. पण त्यातल्या परदेशी कंपन्या जगभरातूनच गाशा गुंडाळत होत्या, आणि सीट इतक्या खाली की गुडघे हनुवटीला लागायचे. तासावरच्या सायकलवाल्याला निदान तुमचं घर माहीत असायचं.

हॉलंडमध्ये चालतं हो, आपल्याकडे नाही चालणार.

हॉलंडमध्येही चालत नव्हतं. पन्नास-साठच्या दशकात तिथेही मोटारी वाढल्या, सायकली हटवल्या. 1971 साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यांवर सुमारे 3300 माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त लहान मुलं. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, 'मुलांचे खून थांबवा' ह्या नावाची चळवळ उभी राहिली, लोक रस्त्यात आडवे झोपले. मग 1973 ला तेलाचं संकट आलं आणि सरकारलाही ऐकावं लागलं. ऊन आपल्याकडे जास्त आहे, कबूल. पण झाडं आपणच तोडली ना.

मी एकटी/एकटा काय करू शकतो? मोर्चाबिर्चा जमत नाही.

मोर्चा नका काढू, जाळी बघा. रस्त्याकडेच्या पाण्याच्या चेंबरला लोखंडी जाळी असते, तिच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने लांब असतील तर सायकलचं चाक बरोब्बर आत जातं आणि तुम्ही हँडलवरून पुढे. पट्ट्या आडव्या हव्यात. जाळी फिरवून बसवायची, बास, निविदा लागत नाही. माझ्या रस्त्यावरच्या अशा तीन जाळ्यांसाठी मी अकरा महिने पाठपुरावा केला, प्रत्येक वेळी फोटो, तारीख, खांबाचा नंबर, दुकानाच्या पाटीची खूण. पहिल्यांदा उत्तर आलं की तक्रार निकाली काढण्यात आली आहे, जाळी तशीच. परत केली. शेवटी एका ज्युनियर इंजिनियरला सायकल हातात देऊन चाक आत घालून दाखवलं, चार दिवसांत दोन फिरवल्या. तिसरीवर आता कोणीतरी पत्रा टाकलाय.

तक्रार एका वेळी एकाच गोष्टीची करा. 'रस्ते सुधारा' लिहिलं की ते पत्र कोणाच्याच टेबलाचं नसतं.

ज्यांना मोठं काम करायचंय त्यांनी पुण्यात परिसर संस्थेचं काम बघावं, शहरी वाहतुकीवर बरीच वर्षं चिकाटीने करतायत. आणि 2020 ला केंद्राने शहरांसाठी सायकलींचं चॅलेंज घेतलं होतं त्यात पुढच्या वर्षी निवडलेल्या अकरा शहरांत नागपूर आणि पिंपरी-चिंचवड होती, म्हणजे तिथल्या लोकांना हातात धरायला एक कागद तरी आहे, धरा.

लोक काय म्हणतील? पगार बरा आहे हो माझा.

म्हणतात. पहिल्या महिन्यात आमच्या ऑफिसच्या गेटवर मला सांगितलं, मॅडम, सायकल मागच्या गेटने, कामवाल्यांच्या बाजूला. मी म्हटलं बरं. गेले मागे. तिथे शेड होती, सावली होती, हवा भरायचा पंप होता आणि पँट्रीतल्या मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं, ब्रेक सैल आहे तुझा, आवळून देऊ का. तेव्हापासून पुढच्या गेटचा विषय मी काढलेला नाही.

आजोबांची सायकल माळ्यावर पंधरा वर्षं पडून आहे. सुरू होईल का?

बहुतेक होईल. फ्रेम वाकलेली नसेल आणि गंज वरवरचा असेल तर टायर-ट्यूब नवे, ब्रेकचे रबर नवे, दोन्ही चाकांचे, हँडलचे आणि पायडलच्या मधल्या धुरीचे छर्रे बदलून ग्रीस, चाकांचा आउट (फिरताना डुगडुगणं) काढायचा, चेन रॉकेलमध्ये रात्रभर. सीट चामड्याची असेल तर टाकू नका, उन्हात ठेवू नका, हळूहळू तेल पाजा. रंग काढून नवा देऊ नका, ती खाली एखाद्या नळीवर सोनेरी रेघ असते ती परत कोणी ओढून देत नाही. आणि हँडलखाली किंवा पुढच्या मडगार्डला पत्र्याचा छोटा बिल्ला असेल तर मेकॅनिककडे न्यायच्या आधी त्याला सांगून ठेवा, ते लोक भंगार समजून पहिला तोच काढतात.